तार कोठें बांधावी?

संस्कृत शिकविण्यांत ज्याचें सारें आयुष्य गेलें अशा माणसानें बिनतारी यंत्राविषयीं लिहावें, हें कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. २०२१ सालापूर्वीं मलाही तें तसेंच वाटलें असतें. परंतु गरज हा मोठा खट पंतोजी आहे. तो विद्यार्थ्याचें वय विचारीत नाहीं.

त्या वर्षींच्या जुलै महिन्याची २२ तारीख चिपळूणकर मंडळी विसरणें शक्य नाहीं. वाशिष्ठीचें पाणी त्या दिवशीं बाजारपेठेंत आणि घराघरांत शिरलें. माझी वडील बहीण, जिला आम्ही सर्वजण आक्का म्हणतों, तेथेंच आपल्या मुलाजवळ राहते. सकाळीं तिचा फोन आला. "पाणी ओटीला लागलें आहे, आम्ही माळ्यावर जातों," एवढेंच ती बोलली. पुढें तिकडील वीज गेली, फोनचे टॉवर मुके झाले, आणि आक्काचा आवाज थांबला तो तिसऱ्या दिवशीं पुन्हा ऐकूं आला. माणसें सुखरूप होतीं, ही ईश्वराची कृपा. परंतु मधल्या दोन रात्रीं आमच्या घरांत कोणी नीट जेवलें नाहीं. सातारा ते चिपळूण सरळ रेषेंत मोजलें तर अंतर अवघें पंचावन्न किलोमीटरांच्या आंतबाहेर. हातांत फोन, आणि माळ्यावर बसलेल्या बहिणीची खबर नाहीं, हें दुःख ज्यानें भोगिलें असेल त्यासच कळेल.

पूर ओसरल्यावर माझा नातू म्हणाला, "आजोबा, आपला फोन हाही एक लहानसा रेडिओच आहे. पण तो आक्काआजीशीं बोलत नाहीं, जवळच्या टॉवरशीं बोलतो. टॉवर गेला कीं आपण गेलों. मधल्या टॉवरावांचून एका घरांतून दुसऱ्या घरांत बोलतां येईल असें यंत्र दोन्हीकडे ठेवलें तर?" या यंत्रास ट्रान्सीव्हर म्हणतात, त्यानें बोलतांही येतें आणि ऐकतांही येतें. तें मन मानेल तसें वापरतां मात्र येत नाहीं. हौशी बिनतारीचा परवाना सरकारकडून घ्यावा लागतो, त्यासाठीं परीक्षा द्यावी लागते, आणि त्यावरून व्यापाराचे निरोप पाठविण्यास मनाई असते. मी, नातू आणि चिपळूणचा भाचा असे तिघेही परीक्षेस बसलों. ज्यानें उभा जन्म दुसऱ्यांचे पेपर तपासले, त्यास साठी उलटल्यावर स्वतःच्या पेपरानें घाम फुटला, ही हकीकत आमच्या सौ. अजून पाहुण्यांस सांगतात.

परवाने आले, यंत्रें आलीं, आणि खरा अभ्यास तेथून सुरू झाला. तोच आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे. यंत्र दुकानांत विकत मिळतें. तें बसवावें कसें आणि त्याचें एरियल, ज्यास हल्लीं अँटेना म्हणतात, तें लावावें कोठें, हें मात्र घरोघरीं निराळें असतें.

प्रथम आम्हीं हातांत धरावयाचीं पांच वॉटांचीं यंत्रें आणिलीं. त्यांची लहर सुमारें दोन मीटर लांबीची, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासची. नातू गच्चीवर जाऊन, बोटानें दिशा दाखवावी तसें एरियलचें टोंक चिपळूणकडे रोखी आणि हांका मारी. तिकडून उत्तर नाहीं. येथें दोन चुका झाल्या होत्या. पहिली चूक धरण्याची. उभ्या दांड्याच्या एरियलमधून लहर बाजूंनीं चहूंकडे पसरते. टोंकाच्या दिशेस ती जवळजवळ जातच नाहीं. ज्याच्याशीं बोलावयाचें त्याच्याकडे टोंक करणें म्हणजे त्याच्याकडे पाठ फिरविणें होय. दांडा सरळ उभा धरावा, आणि समोरच्यानेंही उभाच धरावा. एकाचा उभा व दुसऱ्याचा आडवा असला तर पोंचणारी शक्ति शंभराव्या हिश्शापर्यंतही उतरूं शकते.

दुसरी चूक मोठी होती. या आंखूड लहरींचा स्वभाव बराचसा दिव्याच्या उजेडासारखा आहे. त्या बहुतांशीं सरळ रेषेनें जातात आणि पृथ्वीच्या गोलाईपलीकडे फारशा वळत नाहींत. त्या कोठवर पोंचतील याचा हिशेब शाळकरी मुलासही जमेल. एरियलची उंची मीटरांत घ्यावी, तिचें वर्गमूळ काढावें आणि त्यास ४.१२ नें गुणावें. येईल तें किलोमीटरांत. ९ मीटर उंचीस उत्तर साधारण १२ किलोमीटर येतें आणि ३६ मीटर उंचीस जवळजवळ २५. म्हणजे उंची चौपट करावी तेव्हां पल्ला दुप्पट होतो. दोन्ही टोकांच्या एरियलांचा असा हिशेब करून बेरीज घ्यावी. परंतु हें सारें सपाट मैदानाचें गणित. आमच्या आणि आक्काच्या मध्यें सह्याद्रि उभा आहे, आणि त्यास वर्गमूळाची भीति नाहीं.

हें ध्यानांत न घेतां मीं काय करावें? पंचवीस वॉटांचें अधिक किमतीचें यंत्र आणिलें. आवाज पोंचत नसेल तर मोठ्यानें बोलावें, ही शिक्षकाची जुनी खोड. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षीं शेवटच्या बाकावरील मुलांस माझें शिकविणें ऐकूं जात नसे, म्हणून मी ओरडून ओरडून घसा बसवून घेई. शेवटीं मुख्याध्यापकांनीं एक दिवस मला खिडकीपासून दूर, फळ्याच्या दुसऱ्या अंगास उभें केलें, आणि साध्या आवाजांत सारा वर्ग ऐकूं लागला. चाळीस वर्षांनीं तोच धडा मला पुन्हा गिरवावा लागला. ऐकणाऱ्याच्या यंत्रावर जो मोजणीचा कांटा असतो, तो बोलणाऱ्यानें शक्ति चौपट केली तर जेमतेम एक घर पुढें सरकतो. पांचाचे पंचवीस वॉट केल्यानें कांटा घरभर किंवा त्याहून किंचित् अधिक हलावयाचा. आणि मध्यें डोंगर असेल तर तोही नाहीं. डोंगरमाथ्यावर मधलें केंद्र ठेवण्याचा उपाय आहे, परंतु त्यासही वीज लागते. मग टॉवरांत आणि त्यांत फरक तो काय?

उपाय निघाला तो यंत्र बदलून नव्हे, लहर बदलून. डोंगरांतून जातां येत नसेल तर वरून जावें. सुमारें ४२ मीटर लांबीची, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर सरळ आकाशांत सोडिली असतां, अडीचशें-तीनशें किलोमीटर उंचीवर सूर्याच्या तेजानें विद्युन्मय झालेला जो वातावरणाचा थर आहे, त्यावरून ती परत फिरते आणि चहूंकडील शेंकडों किलोमीटरांच्या टापूंत पावसासारखी खालीं येते. आपल्या देशांत या थरांचा अभ्यास कलकत्त्याचे शिशिरकुमार मित्र यांनीं फार मोलाचा केला आहे. साताऱ्याहून चिपळूणास जाण्यास आमच्या शब्दास असा पांचशें-सहाशें किलोमीटरांचा फेरा पडतो; परंतु सेकंदास तीन लक्ष किलोमीटर धांवणाऱ्यास त्याचें काय! रात्र चढली म्हणजे मात्र हा थर पुष्कळदां विरळ होतो, लहर त्यांतून निसटून जाते, जवळचें गांव मुकें होतें आणि दूरदूरचे देश ऐकूं येऊं लागतात. म्हणून आम्हीं बोलण्याची वेळ सकाळीं दहाची ठरविली.

येथें कांहीं वाचक म्हणतील कीं, शब्द हा आकाशाचा गुण आहे हें तर न्यायशास्त्रांत पूर्वींच सांगितलें आहे. सांगितलें आहे खरें. परंतु बिनतारी लहर म्हणजे शब्द नव्हे. ती वीज व चुंबकत्व यांची लहर आहे, आणि तिला वाहून नेण्यास हवाही लागत नाहीं. शास्त्रांचा मान त्यांत नसलेलें त्यांच्या पदरीं घातल्यानें वाढत नाहीं.

आतां तारेचें माप. या लहरीस लागणारें एरियल म्हणजे साध्या तांब्याच्या तारेचे दोन सारखे तुकडे. १४३ या आंकड्यास मेगाहर्ट्झच्या आंकड्यानें भागावें, म्हणजे एकूण लांबी मीटरांत येते. ७.१ नें भागल्यास सुमारें २०.१ मीटर, प्रत्येक बाजूस दहा मीटरांहून थोडी अधिक. दोन तुकड्यांच्या मध्यें केबल जोडावयाची, आणि दोन्ही टोंकें वीज वाहूं न देणाऱ्या दोरीनें ताणावयाचीं. आम्हीं मधला भाग गच्चीवरील बांबूवर बांधिला, एक टोंक परसांतील आंब्यास आणि दुसरें कुंपणाच्या खांबास. झाड वाऱ्यानें हलतें, म्हणून त्या बाजूची दोरी आंब्यास घट्ट न बांधतां फांदीवरच्या कप्पीवरून नेऊन तिला वजन टांगलें. झाड झुलतें, तार तुटत नाहीं. तार आरंभीं हातभर लांब ठेवावी आणि मग मोजयंत्र पाहत दोन्ही बाजूंनीं सारखी कापावी. माप चुकलें तर पाठविलेली शक्ति एरियलवरून माघारी येते. मोजयंत्रावर तीनाचा आंकडा असेल तर चौथा हिस्सा परततो. दीड असेल तर शेंकडा चारच. आमच्या नातवानें उत्साहाच्या भरांत एक बाजू वीतभर जास्त कापली आणि मग डांक लावीत बसला. कापलेली तार आणि बोललेला शब्द, दोन्ही परत जोडणें कठीण.

उंचीच्या बाबतींत तर मीं आदल्या धड्यांत शिकलेलें उलटेंच ठरलें. दोन मीटरांच्या लहरीस जितकें उंच तितकें उत्तम. परंतु या लांब लहरीची तार अर्ध्या लहरीइतकी, म्हणजे एकवीस मीटर उंच नेली, तर शक्ति पुष्कळशी क्षितिजाकडे जाते आणि दूरच्या प्रांतांत पोंचते. ती सात ते दहा मीटरांवर ठेविली तर बहुतेक शक्ति माथ्यावर जाते आणि जवळपासच उतरते. मद्रासकडील मित्राशीं बोलावयाचें असेल तर उंच बांधा. घाटाखालच्या बहिणीशीं बोलावयाचें असेल तर बेताची बांधा. तार कोठें बांधावी या प्रश्नाचें उत्तर, तुम्हांस कोणाशीं बोलावयाचें आहे, यांत आहे. तें आधीं ठरवावें. यंत्राची किंमत शेवटीं विचारावी.

मोठ्या लोकांनींही हेंच केलें आहे. १२ डिसेंबर १९०१ रोजीं मार्कोनी यानें इंग्लंडांतील पोल्ढू येथून निघालेला संकेत न्यू फाउंडलंड बेटावर ऐकला, तेव्हां त्याचें ग्रहणाचें एरियल म्हणजे पतंगास बांधून वाऱ्यावर चढविलेली सुमारें पांचशें फूट तार होती. पुढें १९२७ सालीं विलायतेशीं बिनतारी संदेशांची सोय झाली, तेव्हां प्रेषणाचें केंद्र पुण्याजवळ खडकीस आणि ग्रहणाचें दौंडास ठेवण्यांत आलें. बोलणाऱ्याच्या गलबल्यांत ऐकणाऱ्याचे कान बुजूं नयेत, हाच त्यांतील हेतु. आणि आज नारायणगांवाजवळ खोडद येथें डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशांतील अत्यंत क्षीण लहरी ऐकत आहेत. तीही जागा निवडतांना बिनतारी गोंगाट जेथें कमी तें स्थळ पाहिलें गेलें.

हा गोंगाट म्हणजे काय तें आम्हांस आमच्याच घरांत कळलें. तार बांधून झाली, मोजयंत्र समाधानकारक आंकडा दाखवूं लागलें, आणि यंत्र सुरू करतांच सारा वेळ गिरणीसारखी घरघर. भाचा फोनवर सांगे कीं, "मामा, तुमचा आवाज स्पष्ट येतो." आम्हांस मात्र त्याचें एक अक्षर ऐकूं येईना. मग आम्हीं यंत्र बारा व्होल्टांच्या बॅटरीवर लाविलें आणि घराचा वीजप्रवाहच बंद केला. घरघर थांबली! म्हणजे चोर घरांतला. एकेक बटण चालू करीत गेलों. स्वयंपाकघर निर्दोष, माडी निर्दोष. देवघरांतील दिव्यांची चिनी माळ लाविली मात्र, आणि घरघर परत आली. त्या माळेचा स्वस्त अडॅप्टर सारें आकाश बुजवीत होता. ही वार्ता सौ.स सांगण्याचें धैर्य नातवास होईना, म्हणून मीं सांगितली. तिनें मुकाट्यानें माळ काढिली आणि सासूबाईंची पितळी समई घांसून पुसून लाविली. "मला कुठें ती माळ आवडत होती? तुम्हींच आणलीत ती," एवढेंच बोलली.

ज्या वाचकांच्या मनांत असा उद्योग करावयाचा असेल, त्यांस चार सूचना करतों, आणि त्या कळकळीनें करतों. विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून एरियलची तार कदापि नेऊं नये. दोरी तुटून ती त्यांवर पडली तर प्राणावर बेततें. बोलणें चालू असतां तारेच्या टोंकांशीं मोठा दाब असतो, म्हणून तीं मुलांच्या आणि वाळत घातलेल्या लुगड्यांच्या आटोक्याबाहेर असावीं. आमच्याकडे वाळवणाची दोरी याच कारणास्तव दुसऱ्या अंगास गेली, आणि तिच्यासाठीं नवा खांब मला उभारून द्यावा लागला. गडगडाट ऐकूं येतांच केबल यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवावी. अर्थिंग चांगलें असलें तरी ठेवावी. एरियल न जोडतां यंत्रावरून बोलूं नये, नाहींतर शक्ति परत येऊन यंत्र जळण्याचा संभव असतो. आणि केबल जेवढी लागेल तेवढीच घ्यावी. बारीक जातीच्या तीस मीटर केबलींत दोन मीटरांच्या लहरीची जवळजवळ तीन चतुर्थांश शक्ति नुसती उष्णतेंत जिरते. मीं पंचवीस वॉटांचें यंत्र आणून जें मिळविलें असतें, तें केबलीच्या वेटोळ्यांत घालवून बसलों असतों.

आणखी एक गोष्ट. तार पूर आल्यावर बांधतां येत नाहीं. २००४ सालच्या डिसेंबरांत श्रीमती भारती प्रसाद या हौशी बिनतारीच्या कामासाठीं पोर्ट ब्लेअर येथें गेल्या होत्या. २६ तारखेस भूकंप होऊन त्सुनामी आली आणि अंदमानांतील संपर्काचीं साधनें कोलमडलीं, तेव्हां त्यांचें केंद्र बेटांवरील लोकांची खबर मुख्य भूमीस पोंचविण्याच्या कामीं आलें. त्यांचें केंद्र त्याआधींच चालू झालेलें होतें, हें लक्षांत घ्यावें. छत्री जशी वैशाखांत दुरुस्त करावी, तशी तार बांधून, रोज नाहीं तरी आठवड्यास एकदां तिच्यावरून बोलून पाहावें. जें नित्य वापरांत नाहीं तें संकटांत हातीं लागत नाहीं. पाठांतराचाही अनुभव हाच आहे.

माळ काढिली त्याच्या दुसऱ्या दिवशीं, रविवारीं सकाळीं दहा वाजतां, मीं यंत्र सुरू केलें. क्षणभर नुसती सुळसुळ. आणि मग भाच्याचा आवाज, जणू पलीकडच्या खोलींतून यावा तसा. परवाना त्याचा, म्हणून बोलला तोच. परंतु त्याच्या मागें कोणीतरी खोकल्याचें आणि खुर्ची सरकविल्याचें ऐकूं आलें. तो खोकला मी साठ वर्षें ओळखतों. भाचा म्हणाला, "मामा, आई विचारते आहे, दोरी पक्की बांधलीत ना? आषाढांत वारा फार असतो म्हणते."

नातवानें माझ्याकडे पाहिलें. माझा घसा दाटला होता, म्हणून उत्तर त्यानेंच दिलें. तेव्हांपासून दर रविवारीं दहाच्या ठोक्यास आम्ही यंत्रापुढें बसतों. पुष्कळदां बोलण्यासारखें विशेष कांहीं नसतें. चिपळूणास पाऊस किती, साताऱ्यास किती, एवढेंच विचारून होतें. परंतु पावसाळा तोंडावर आला म्हणजे मी शिडी लावून आंब्याची दोरी एकदां हातानें ओढून पाहतों, आणि ती पक्की आहे असें त्या रविवारीं चिपळूणास कळवितों.